स्वतःची एअर रायफल चालेल अशी रेंज कशी शोधावी

एअर रायफल विकत घेणे आता सोपे झाले आहे. ती नियमितपणे आणि निर्धोकपणे चालवता येईल अशी जागा मिळवणे मात्र अजूनही अवघड जाते. बरेच जण दुकानातून बंदूक आणतात, गच्चीवर पुठ्ठ्याचा खोका मांडून आठवडाभर छर्रे मारतात, मग शेजारी तक्रार करतात आणि बंदूक कपाटावर जाते. काही जण थेट केस खांद्याला लावून एखाद्या रेंजवर धडकतात आणि 'बाहेरची बंदूक चालत नाही' हे ऐकून परत येतात.

रेंजवाल्यांची बाजूही समजून घ्या. तुमच्या बंदुकीची ताकद किती, ट्रिगर कसा आहे, तुम्ही तिच्यात कोणते छर्रे घालता, हे त्यांना माहीत नसते. मागची भिंत, टार्गेटचे मशीन आणि शेजारच्या लेनमध्ये उभी असलेली बारा वर्षांची मुलगी यांची जबाबदारी मात्र त्यांच्यावर असते. या शंकांची उत्तरे तुम्ही आधीच तयार ठेवलीत तर नकार येण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून रेंजचा शोध आपल्या बंदुकीपासूनच सुरू करावा.

आधी आपली बंदूक नीट ओळखा

एका कागदावर पाच गोष्टी लिहा: कंपनी आणि मॉडेल, सिरियल नंबर, कॅलिबर (नळीच्या आतल्या भोकाचा व्यास), बंदूक चालते कशावर (स्प्रिंग, गॅस पिस्टन की हवेचे सिलिंडर), आणि नेम धरायची साइट कोणती (ओपन, पीप म्हणजे बारीक भोकातून पाहायची, की दुर्बीण). फोनवर पहिला प्रश्न यातलाच येतो.

कॅलिबर ४.५ मिमी, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन', असायला हवे. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय बाळगता येते. यापैकी एक मर्यादा ओलांडली तरी परवान्याचा प्रश्न येतो. १० मीटरच्या रेंजवर ४.५ शिवाय दुसरे कॅलिबर चालतच नाही. त्यामुळे ५.५ मिमीची बंदूक असेल तर १० मीटरच्या रेंजला फोन करण्यात अर्थ नाही.

आता ताकद. इथेच सगळ्यात जास्त गाडी अडते. सामन्याच्या एअर रायफलीचा छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा असतो आणि साधारण १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. ऊर्जा काढायची तर वजन किलोमध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि दोनने भागा: उत्तर येते सुमारे ८ ज्यूल. १० मीटरच्या रेंजची मागची पट्टी, छर्रे झेलणाऱ्या पेट्या आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट हे सारे याच ताकदीच्या हिशोबाने बसवलेले असते. तोच छर्रा २० ज्यूलने मारायचा तर वेग २७५ मीटरच्या आसपास जातो. कायद्याने ही बंदूक बिनपरवाना असली तरी रेंजच्या पत्र्यावर ती अडीच पट जोराने आदळते. त्याने पत्र्याला पोचे पडतात, शिशाचे तुकडे मागे उडतात आणि मशीनचा खर्च काही हजारांत जातो. कायद्यात बसते म्हणून रेंजवर चालेलच, असे समजू नका.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. '१००० फूट प्रति सेकंद' हा आकडा अनेकदा अगदी हलक्या मिश्रधातूच्या छर्र्याने मिळवलेला असतो. शिशाच्या छर्र्याने तीच बंदूक बरीच हळू चालते. खरा आकडा हवा असेल तर क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाच छर्रे मोजून घ्या. एअरगन दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे आणि मोठ्या क्लबमध्ये क्रोनोग्राफ असतो. त्या पाच आकड्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रेंजच्या कोचला याच्याइतका समजणारा पुरावा दुसरा नाही.

साइटबद्दल थोडे. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागे पीप साइट आणि पुढे सहसा रिंगची साइट असते. आपल्याकडे राष्ट्रीय नियमांच्या गटात ओपन साइटचीही स्पर्धा असते आणि अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. प्रिसिहोलसारखी देशी रायफल साध्या ओपन साइटसह असेल, तर तिला बहुतेक रेंजवर जागा मिळू शकते. दुर्बीण लावलेली रायफल घेऊन गेलात तर मात्र दुर्बीण काढायला सांगतील. दुर्बीण काढल्यावर खाली साइटच नाही असे मॉडेल असेल, तर तिथेच गाडी थांबते. नळीला सायलेन्सर बसवलेली बंदूक रेंजवर आणूच नका.

स्प्रिंगच्या बंदुकीत घरी कोणी तेल ओतले असेल तर त्याचीही नोंद करा. पिस्टनच्या पुढे तेल गेले की दाबाने ते पेटते, छर्र्याबरोबर धूर येतो, आवाज फटाक्यासारखा होतो आणि वेग एकदम वाढतो. अशी बंदूक रेंजवरून हमखास परत पाठवली जाते. नवी बंदूकही पहिल्या काही छर्र्यांना थोडी धुरकट वागते. ते संपल्यावरच रेंजवर न्या.

रेंज किती तऱ्हेच्या आणि कोण कोणाला आत घेते

सरकारी क्रीडा संकुलातली रेंज सगळ्यांना दिसते, पण तिथली रीत अनेकांना ठाऊक नसते. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभे राहिले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांची नेमबाजी तिथेच झाली. अशा ठिकाणी इमारत शासनाची असते, पण रोजचे प्रशिक्षण बऱ्याचदा एखादी अकादमी किंवा शासनाची क्रीडा प्रबोधिनी चालवते. त्यामुळे फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला विचारून काही कळत नाही. कार्यालयात जाऊन 'खासगी खेळाडूला लेन मिळते का, आणि ती कोणाकडून' हा नेमका प्रश्न विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी हाच प्रश्न जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावा. तालुक्यातल्या शाळांच्या नेमबाजी स्पर्धा तेच घेतात, त्यामुळे जिल्ह्यात कुठे कुठे १० मीटरची लेन आहे हे त्यांना नेमके माहीत असते.

दुसरा प्रकार रायफल असोसिएशनच्या रेंजचा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाज तिथूनच पुढे आल्या. दादरला शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही रायफल शूटिंग शिकवतात. कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यामुळे त्या शहरात नेमबाजी घरोघरी ठाऊक झाली, आणि पॅरिस २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने कांस्य जिंकल्यावर चौकशी आणखी वाढली. असोसिएशनच्या रेंजवर सदस्यत्वाशिवाय लेन मिळणे कठीण असते. सदस्यत्वासाठी जुन्या सदस्याची शिफारस, पत्त्याचा पुरावा आणि काही ठिकाणी पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागतात. वेळ लागतो, पण एकदा आत गेलात की स्वतःच्या बंदुकीचा प्रश्न सहसा उरत नाही, कारण तिथले बहुतेक सदस्य आपापल्या बंदुकाच वापरतात.

तिसरा प्रकार खासगी अकादमीचा. ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांचा पनवेलचा लक्ष्य शूटिंग क्लब हे याचे ठळक उदाहरण. लहान शहरांतही एखाद्या माजी राष्ट्रीय नेमबाजाने गाळ्यात किंवा मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर पाच-सहा लेन टाकलेल्या आढळतात. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, असे माझे मत आहे. कोच समोर असतो, प्रवेश लवकर मिळतो आणि तुमची बंदूक योग्य नसेल तर क्लबची बंदूक तासाच्या हिशोबाने मिळते. मात्र काही अकादमी फक्त स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्या मुलांनाच घेतात. चाळिशीच्या हौशी माणसाला तिथे लेन मिळेल की नाही, हे आधीच विचारून घ्या.

उरलेल्या जागांवर वेळ घालवू नका. पोलीस मुख्यालयाच्या आणि एनसीसीच्या रेंज बाहेरच्यांसाठी नसतात. मॉल किंवा रिसॉर्टमधल्या फुगे फोडायच्या काउंटरवर तुमची बंदूक कोणी काढू देणार नाही, आणि काढूही नये.

शोध नेमका कुठे घ्यायचा

नकाशावर नुसते 'शूटिंग' टाकलेत तर फोटो स्टुडिओ आणि चित्रीकरणाचे बंगले निघतात. 'फायरिंग रेंज' टाकलेत तर लष्कराचे सराव क्षेत्र निघते. तिथे फिरकूसुद्धा नका. 'रायफल क्लब', '१० मीटर एअर रायफल', 'शूटिंग अकादमी' असे शब्द आपल्या तालुक्याच्या नावासह टाका. निकाल मिळाले की फोटो बघा: रांगेत लावलेली पांढरी टार्गेट, टेबल आणि वर दिव्यांची पट्टी दिसली तर ती खरी रेंज.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे स्पर्धांचे निकाल. राज्यात कॅप्टन एस. जे. इझिकेल स्मृती स्पर्धा होते, जिल्हा पातळीवर असोसिएशनच्या स्पर्धा होतात आणि शाळांच्या १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा होतात. निकालाच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे क्लबचे किंवा जिल्ह्याचे नाव असते. आपल्या जिल्ह्यातली तीन-चार नावे सलग ज्या क्लबची दिसतात, तिथे चालू रेंज आहे आणि कोचही आहे, असे धरायला हरकत नाही. नकाशावरची अर्धी ठिकाणे बंद पडलेली असतात. निकालातली नावे चालू असतात.

तिसरा स्रोत एअरगनचे दुकान आणि दुरुस्तीचा कारागीर. सामन्याचे चपट्या तोंडाचे छर्रे कोण नेते, हे त्याला माहीत असते. असे डबे महिन्याला नियमित नेणारी माणसे हमखास कुठल्यातरी रेंजवर जातात.

हा सगळा शोध करताना एक गोष्ट तपासा: क्लब राज्य असोसिएशनशी संलग्न आहे का. हौसेपुरते छर्रे मारायचे असतील तर फरक पडत नाही. पण पुढे जिल्हा, राज्य, मावळंकर स्पर्धा (राष्ट्रीयच्या आधीची पात्रता स्पर्धा) आणि मग राष्ट्रीय असा रस्ता धरायचा असेल, तर प्रवेशिका संलग्न संस्थेमार्फतच जातात. दोन वर्षे भलत्या ठिकाणी घालवून मग क्लब बदलणे जिवावर येते.

फोनवर काय विचारायचे

संध्याकाळी पाच ते सात या वेळात फोन करू नका. तेव्हा बॅच चालू असते आणि कोच लेनवर असतो. सकाळी अकराच्या सुमारास केलात तर नीट बोलणे होते. सुरुवात अशी करा: 'सर, माझ्याकडे अमुक कंपनीची ४.५ची स्प्रिंग रायफल आहे, ओपन साइट आहे, क्रोनोवर इतका वेग आला आहे. तुमच्याकडे स्वतःची रायफल वापरता येते का?' या एका वाक्यात समोरच्याला कळते की माणूस तयारीने बोलतोय.

मग पुढचे प्रश्न. बंदूक तपासणीसाठी कधी आणायची? ठराविक बॅचलाच यावे लागते की लेन तासावर मिळते? छर्रे आपले चालतात की क्लबकडूनच घ्यावे लागतात? टार्गेट कागदाचे आहे की इलेक्ट्रॉनिक? बंदूक रेंजवर ठेवायला लॉकर आहे का? सिलिंडर भरून मिळते का आणि किती बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचे माप)? फीमध्ये काय काय धरले आहे?

छर्रे क्लबकडूनच घ्यायची अट ऐकून रागावू नका. टोकदार छर्रे आणि स्टीलची गोळी पत्र्यावरून परत उसळते. कोणी नकळत तसले काही आणू नये म्हणून कित्येक ठिकाणी हा नियम असतो. चपट्या तोंडाचा शिशाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि पत्र्यावर आदळून चपटा होतो. १० मीटरला तोच वापरायचा.

वर्षातला काळही बघा. एप्रिल-मे मध्ये उन्हाळी शिबिरांमुळे लेन मिळत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चला, रेंज रिकामी असते आणि कोचकडे वेळ असतो. नवीन माणसाने तेव्हाच जावे. दसऱ्याला बऱ्याच क्लबांत शस्त्रपूजन होते. सराव नसतो, पण सगळे सदस्य एकत्र भेटतात. शिफारस करणारा कोणी ओळखीचा नसेल तर त्या दिवशी जाऊन चार माणसांशी बोलणे फार उपयोगी पडते.

पहिली भेट बंदूक न घेता

पहिल्या दिवशी बंदूक घरीच ठेवा. बॅच चालू असताना जा, मागे बाकावर अर्धा तास बसा आणि बघा.

सगळ्यात आधी फायरिंग लाइनवर काय चालले आहे ते पाहा. कोणी टार्गेट बदलायला पुढे गेले असताना मागे कोणाच्या हातात बंदूक आहे का? असेल तर ती रेंज सोडा, फी कितीही कमी असो. बाजूला ठेवलेल्या बंदुकांच्या नळीतून भगवी किंवा रंगीत दोरी आरपार दिसली पाहिजे. ती सेफ्टी फ्लॅग: दोरी दोन्ही टोकांना दिसते म्हणजे नळी रिकामी. 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' हे हुकूम कोणीतरी मोठ्याने देते का, आणि 'स्टॉप' म्हटल्यावर सगळे खरेच थांबतात का, हेही बघा. कोच मोबाइलवर आणि मुले आपल्या मर्जीने छर्रे मारताहेत, असे दृश्य असेल तर पुन्हा जाऊ नका.

मग जागा. फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, टार्गेटचे केंद्र जमिनीपासून १.४० मीटर, आणि प्रत्येक नेमबाजाला निदान एक मीटर रुंदी. गाळ्यातल्या रेंजवर बऱ्याचदा अंतर साडेनऊ मीटरच भरते. सरावाला ते चालून जाते, पण स्पर्धेत गेल्यावर साइटची जुळणी हलते. टार्गेटवर उजेड भरपूर हवा. नियमात किमान १५०० लक्सचा (लक्स हे उजेडाचे माप) आकडा आहे. मोजायचे साधन नसले तरी एक खूण आहे: तुमच्या जागेवरून काळ्या वर्तुळाची कड धूसर दिसत असेल तर दिवे कमी आहेत. एअर रायफलच्या टार्गेटचे काळे वर्तुळ ३०.५ मिमीचे आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कमी उजेडात डोळे लवकर थकतात आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

मागच्या भिंतीकडे वळा. छर्रे झेलायला तिरका पत्रा किंवा पेटी हवी. सरळ उभ्या पत्र्यावर किंवा नुसत्या विटांच्या भिंतीवर मारत असतील तर तुकडे मागे येतात. लाइनजवळच्या फरशीवर चपटे झालेले छर्रे सापडले, तर ते उलटे आले आहेत हे समजा. खिडक्या बंद, पंखा नाही आणि टेबलावर राखाडी भुकटी, असेही चालणार नाही. ती भुकटी शिशाची असते. वॉश बेसिन आणि साबण कुठे आहे ते बघा. रेंजवर काही खायचे नाही, निघताना हात साबणाने धुवायचे, हा नियम जिथे पाळतात तिथे बाकीचे नियमही सहसा पाळले जातात.

पावसाळ्यात गेलात तर आणखी एक गोष्ट कळते. ओल धरलेल्या हॉलमध्ये कागदी टार्गेट मऊ पडते, भोकाची कड फाटते आणि गुण मोजताना वाद होतात. कोकणात आणि गोव्यात हा त्रास चार महिने असतो. टार्गेट बंद डब्यात ठेवतात का, ते विचारा.

कागदपत्रे आणि ने-आण

बंदुकीच्या बिलावर सिरियल नंबर असायला हवा. नसेल तर दुकानदाराकडून लिहून, सही-शिक्का मारून घ्या. त्याच्याकडे ग्राहकांच्या ओळखपत्रांची नोंदवही असते. बिलाची प्रत, आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, आणि मूल असेल तर जन्मदाखला व पालकांचे संमतिपत्र, एवढे एका फोल्डरमध्ये ठेवा. हीच फोल्डर प्रवासात केसमध्ये राहू द्या.

शहरात बंदूक नेहमी बंद केसमध्ये, छर्रे वेगळ्या पिशवीत. दुचाकीवर उघडी नळी दाखवत जाणे धोक्याचे आहे. लांबून ती खरी रायफलच दिसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत शस्त्रे बाळगण्यावर बंदी असते आणि नाक्यावरचा हवालदार तुमच्या केसमधल्या बंदुकीची ताकद मोजत बसणार नाही. क्लबकडून 'हे आमच्याकडे सराव करतात' असे पत्र लेटरहेडवर घ्या, आणि मनाई आदेश चालू असताना बंदूक हलवण्यापूर्वी क्लबला विचारा. लॉकर असेल तर हा प्रश्नच मिटतो.

वाटेत शेतावर थांबून चिमण्या-कबुतरांवर नेम धरणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वाचावा. अशा एका प्रकरणामुळे आसपासच्या सगळ्या क्लबांकडे संशयाने पाहिले जाते.

बंदूक घेऊन पहिला दिवस

वीस मिनिटे आधी पोहोचा. केस बाकावर किंवा पार्किंगमध्ये उघडू नका. कोच सांगेल त्या लेनवर, नळी टार्गेटकडे राहील अशीच उघडा. सेफ्टी फ्लॅग घरूनच घालून आणा. विकतचा मिळाला नाही तर गवत कापायच्या मशीनची भगवी नायलॉन दोरी, सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची, नळीच्या लांबीपेक्षा वीस सेंटिमीटर जास्त कापा. दोन्ही टोकांना दहा-दहा सेंटिमीटर बाहेर राहिली की झाले.

नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक असेल तर एक सवय कोच मुद्दाम बघतो. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली आहे का? ट्रिगर सटकला तर नळी जोरात वर येते आणि बोटे सापडतात. छर्रा न भरता स्प्रिंगची बंदूक झाडू नका; पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि सील फाटते. घरी नुसता ट्रिगर दाबायचा सराव करायची सवय असेल, तर ती सामन्याच्या रायफलीला शोभते, कारण तिच्यात त्यासाठी वेगळी सोय असते.

पहिले पाच छर्रे एकाच बिंदूवर नेम धरून मारा, साइटला हात न लावता. छर्रे एकमेकांजवळ पण बाजूला पडले तर साइट हलवायची आहे. विखुरले असतील तर आधी दस्त्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या धक्क्याने ते शंभर-दीडशे छर्र्यांत सैल होतात, आणि नव्या मालकाचा निम्मा दिवस विनाकारण साइट फिरवण्यात जातो. स्क्रू घट्ट असूनही विखुरले तर छर्रा बदलून बघा. दोन-तीन वेगळे डबे क्लबमधल्या कोणाकडून पाच-पाच छर्रे मागून घेता येतात; लोक आनंदाने देतात.

प्रत्येक वेळी आपल्या लेनचा नंबर टार्गेटच्या नंबराशी जुळवा. शेजारच्याच्या टार्गेटवर छर्रा गेला तर लगेच सांगा. लपवलेला छर्रा गुण मोजताना उघडा पडतोच, आणि पहिल्याच दिवशी नाव खराब होते.

खर्च आणि सिलिंडर

छर्र्यांचा डबा साधारण ५०० चा येतो. आठवड्यातून तीन दिवस ८० छर्रे धरले तर दोन आठवड्यांत डबा संपतो. फी ठरवताना हा खर्च वेगळा धरा. कागदी टार्गेट, जॅकेट वापरायचे भाडे आणि वार्षिक सदस्यत्व हेही विचारून लिहून ठेवा. केवळ मासिक फीचा आकडा ऐकून दोन रेंजची तुलना करू नका.

हवेच्या सिलिंडरची रायफल असेल तर रेंजवरची भरण्याची सोय हाच निवडीचा मोठा निकष आहे. सामन्याच्या रायफलींची सिलिंडरे बहुधा २०० बारपर्यंत भरतात. रेंजच्या मोठ्या बाटलीत ३०० बार असू शकतात. म्हणून व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा आणि काटा २०० ला आला की बंद करायचा. घाईने भरले तर सिलिंडर तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. कॉम्प्रेसरला ओलावा शोषणारा फिल्टर आहे का, हे विचारा. नसेल तर आत पाणी साचते आणि रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) बिघडतो. सिलिंडरवर छापलेली तारीखही वाचा. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत घेऊन येणे हा नेमबाजाचाच दोष धरला जातो, आणि सुजाण रेंजवाले ते भरूनही देत नाहीत. जुनी रायफल घेताना लोक नळी पाहतात, ट्रिगर पाहतात आणि ही तारीखच पाहायची राहते.

जवळपास रेंजच नसेल तर

पन्नास किलोमीटरच्या आत काही सापडले नाही तर रोज जायचा हट्ट सोडा. महिन्यातून दोन रविवार मोठ्या शहरातल्या क्लबला जा आणि तिथे तीन तास सलग काम करा. मधल्या दिवसांत घरी कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रिकाम्या बंदुकीने उभे राहण्याचा सराव रोज वीस मिनिटे करा. स्प्रिंगच्या बंदुकीचा ट्रिगर मात्र त्यात ओढायचा नाही. फक्त उभे राहणे, श्वास आणि साइट स्थिर धरणे.

दुसरा उपाय जास्त वेळ घेतो, पण टिकतो. गावातल्या शाळेचा हॉल १४-१५ मीटर लांब असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. शालेय स्पर्धांमध्ये नेमबाजी आहे, त्यामुळे शाळेलाही त्यात रस असतो. तिरक्या पत्र्याच्या चार पेट्या, मागे जाड पडदा, बंद होणारे एकच दार, आणि जिल्हा असोसिएशनने दिलेला प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर चार लेन सुरू होतात. पेट्या बनवण्याआधी असोसिएशनच्या कोणाला तरी जागा दाखवा. दार टार्गेटच्या बाजूला उघडत असेल तर ते आधी कायमचे बंद करावे लागते, आणि खोलीला दुसरे दार नसेल तर ती खोली रेंजसाठी घेऊच नका.